गड आणि गढा : मराठी दुर्गयात्रा व जबलपूरचा मदनमहाल

१. प्रश्नाचे स्वरूप

‘सदर’ हा शब्द मराठी वाचकाच्या मनात गडाचे चित्र उभे करतो. महादरवाजा ओलांडून, देवडी मागे टाकून, पायऱ्या चढून वर आलेला माणूस अखेर जेथे पोहोचतो, गडाचा अधिकारी जेथे बसून कारभार पाहतो व निवाडा करतो, ती जागा म्हणजे सदर. जबलपूर शहरातील सदर मात्र कोणत्याही गडावर नाही. ती सपाटीवरची, लष्करी छावणीच्या भागातली वस्ती आहे; छावणीचा मुख्य बाजार म्हणून तिला हे नाव मिळाले. मूळ अरबी शब्द एकच असून छाती, अग्रभाग, मानाचे स्थान असे त्याचे अर्थ आहेत. मराठी गडावर त्या शब्दाने सत्तेचे आसन दर्शविले, तर इंग्रजी छावणीत त्याच शब्दाने प्रमुख बाजारपेठ दर्शविली.

जबलपूरच्या या सदरेतून निघून नैर्ऋत्येकडील मदनमहालाच्या टेकडीवर जाणाऱ्या मराठी यात्रिकाचा क्रम त्यामुळे उलटा होतो. मराठी दुर्गयात्रेत सदर हे चढाईचे अखेरचे स्थान असते, येथे ते आरंभीचे स्थान आहे. हा उलटा क्रम निव्वळ शब्दाचा योगायोग नाही. मराठी दुर्गयात्रेने यात्रिकाची जी भूमिका गृहीत धरली आहे, तीच या टेकडीवर तपासून पाहावी लागते. आपल्या भूमीवर वाढलेला एखादा वाङ्मयीन घाट दुसऱ्यांच्या इतिहासाने घडलेल्या भूमीवर नेला असता त्यातले काय टिकते आणि काय सोडून द्यावे लागते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. मराठी दुर्गयात्रेची गृहीते

मराठीतील दुर्गविचाराचा प्रसिद्ध आधार म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात गडकोटांना राज्याचे सार मानून त्यांच्या बांधणीचा, पाण्याचा, शिबंदीचा आणि राखणीचा तपशील दिला आहे. हा विचार राज्य चालविणाऱ्याचा आहे. राज्य गेल्यानंतर गडाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे अपरिहार्य होते. विसाव्या शतकात गो. नी. दांडेकर यांच्या ‘दुर्गदर्शन’ व ‘दुर्गभ्रमणगाथा’ या पुस्तकांनी गडाच्या वाटा मराठी ललित गद्यात आणल्या. अमात्यांचा गड राखावयाचा होता, तर दांडेकरांचा गड भेटावयाचा आहे. राखणीची जागा भेटीने घेतली, तेव्हा दुर्गयात्रा हा स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून आकारास आला, असे म्हणावयास हरकत नाही.

या लेखनप्रकाराचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पायथ्याचे गाव, चढण, दरवाजा, पाण्याचे टाके, देवता, बालेकिल्ला आणि माथ्यावरून दिसणारा मुलूख, अशा टप्प्यांनी वर्णन पुढे सरकते. यांतील देवतेचा टप्पा गौण समजू नये. शिवनेरीवर शिवाई आहे, रायगडावर शिरकाई व जगदीश्वर आहेत, राजगडावर पद्मावती आहे, प्रतापगडावर भवानी आहे. हरिश्चंद्रगडावर लष्करी वास्तूंपेक्षा देवालय आणि लेणीच अधिक लक्ष वेधून घेतात. चांगदेवाचे नाव तेथील लेखांशी आणि ‘तत्त्वसार’ या ग्रंथाशी जोडलेले असल्यामुळे मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला तो गड प्रथम तीर्थ वाटतो व नंतर किल्ला. तात्पर्य, गड चढणे आणि देवदर्शनास जाणे या दोन क्रिया मराठी मनात फारशा वेगळ्या राहिलेल्या नाहीत. ‘यात्रा’ हा शब्द या लेखनप्रकाराला सहज चिकटला, त्याचे कारणही हेच आहे.

याखेरीज दुर्गयात्रेचे आणखी एक गृहीत आहे. ते उघडपणे क्वचितच मांडले जाते. चढणारा माणूस हा त्या गडाचा वारस आहे, असे ते गृहीत होय. पडलेला बुरूज पाहून त्याला होणारे दुःख घरच्या माणसाचे असते. लेखकाने ‘आपला’ हा शब्द न वापरताही तो वाचकाला ऐकू येतो. मदनमहालावर नेमके हेच गृहीत अडचणीत येते.

३. टेकडी आणि वास्तू

सदरेचे छावणी-पद्धतीचे सरळ रस्ते सोडून पश्चिमेकडे निघाले की नेपियर टाऊन, राइट टाऊन अशी इंग्रजी अधिकाऱ्यांची नावे वागविणारे भाग लागतात. पुढे मदनमहाल याच नावाचे रेल्वेस्थानक येते. त्यापलीकडे जुन्या गढ्याच्या बाजूस टेकड्यांची रांग आहे. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यास ही रांग प्रथमदर्शनी विस्कळीत वाटते. सह्याद्रीचा काळा कातळ थरावर थर रचून झालेला आहे. त्यामुळे तेथे कडा, माची, पुन्हा कडा, अशी पायरीची रचना निसर्गतःच सिद्ध होते आणि दुर्ग बांधणारा त्या कड्यांचाच तट म्हणून उपयोग करतो. मदनमहालाचा दगड ग्रॅनाइटाचा आहे. ऊन, पाऊस आणि काळ यांच्या झिजेने त्याचे गोलसर, प्रचंड धोंडे सुटे झाले असून ते एकमेकांवर कसेबसे रेललेले दिसतात. यांपैकी एक धोंडा दुसऱ्यावर अगदी थोड्या जागेत तोललेला असून तो ‘बॅलन्सिंग रॉक’ या नावाने प्रसिद्ध आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातील अनेक इमारतींची हानी झाली, परंतु तो धोंडा जागचा हलला नाही, हे जबलपूरकर आवर्जून सांगतात.

अशा भूमीवर सह्याद्रीच्या धर्तीचा दुर्ग होणे कठीण आहे. मदनमहाल तसा दुर्ग नाहीही. एका महाकाय धोंड्याच्या पाठीवर चढविलेली ती आटोपशीर वास्तू आहे. पायऱ्यांनी वर गेले की लहान दालने आणि गच्ची लागते. समोरच्या बाजूस घोड्यांच्या पागा समजल्या जाणाऱ्या कमानदार खोल्या आहेत, जवळच पाण्याचा लहानसा साठा आहे. मोठी शिबंदी येथे राहू शकली नसती आणि दीर्घकाळ वेढाही सोसता आला नसता. गच्चीवरून मात्र भोवतालचा मुलूख दूरवर दिसतो. ही टेहळणीची आणि राजघराण्याच्या तात्पुरत्या निवासाची जागा असावी, हे मत वास्तूच्या आकाराशी जुळते. गोंड राजांचे खरे गिरिदुर्ग दमोहकडील सिंगोरगड आणि नरसिंहपूरकडील चौरागड हे होत. दुर्गावतीने आपले राजकीय ठाणे सिंगोरगडाहून चौरागडास हलविले, यामागे दुर्गाच्या बळाचाच विचार होता.

‘गड’ या शब्दाचा विचारही येथेच करावयास हवा. मराठीत गड म्हणजे प्रायः डोंगरी किल्ला. सपाटीवरच्या देशमुखी-पाटिलकीच्या तटबंद वाड्याला ‘गढी’ हा वेगळा शब्द आहे. हिंदीतील ‘गढ’ हा डोंगराशी बांधलेला नाही. गोंडांच्या राज्यात तर ‘गढ’ हे मुलुखाच्या वाटणीचेही नाव होते. संग्रामशाहाचे बावन्न गढ सांगितले जातात, ते केवळ बावन्न तटबंद्या नव्हेत. प्रत्येक गढाखाली गावांचा समूह होता. छत्तीसगड या प्रदेशनामातही हाच अर्थ शिल्लक आहे. राजधानीचे ‘गढा’ हे नाव याच कुळातले आहे. अबुल फझलाने ‘अकबरनाम्या’त या राज्याचा उल्लेख गढा-कटंगा असा जोडनावाने केला आहे. म्हणून मराठी यात्रिक ज्याला ‘गड’ म्हणून शोधू जातो, ती वस्तू मदनमहालाच्या भिंतींत नाही. ती टेकडीखाली पसरलेल्या गढा या वस्तीत, तिच्या तलावांत आणि तिच्या नावात आहे. वास्तूला लोकांनी गड न म्हणता महाल म्हटले, ते अधिक नेमके आहे.

४. वंशावळ, लेख आणि दंतकथा

मदनमहाल मदनसिंह अथवा मदनशाह या गोंड राजाने बांधला, अशी परंपरा आहे आणि त्याचा काळ बाराव्या शतकाचा आरंभ असा सांगण्यात येतो. या परंपरेचा लिखित आधार पाहता रामनगरच्या शिलालेखाकडे वळावे लागते. मंडल्याजवळ नर्मदेच्या काठी हृदयशाहाने वसविलेल्या रामनगर येथील हा संस्कृत लेख १६६७ सालचा असून तो जयगोविंद या कवीची रचना आहे. यादवरायापासून हृदयशाहापर्यंतची वंशावळ त्यात दिली असून तीत चौतिसावे नाव मदनसिंहाचे आहे. १८३७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात स्लीमनने गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही वंशावळ इंग्रजी ग्रंथांतूनही फिरू लागली.

तथापि वंशावळीतील नावांना सरासरीने वर्षे वाटून काढलेला काळ आणि प्रत्यक्ष इतिहास यांचा मेळ बसत नाही. बाराव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशावर त्रिपुरीच्या कलचुरींची सत्ता होती. त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, या टेकडीपासून थोड्या कोसांवर आहे. भेडाघाट येथील अल्हणदेवीचा लेख ११५५ सालचा असून त्यावरून त्या शतकाच्या मध्यापर्यंत कलचुरी घराणे तेथे नांदत होते, हे निर्विवाद ठरते. राजधानीच्या इतक्या निकट स्वतंत्र गोंड राजाने महाल बांधला असे मानणे अवघड आहे. दुसरीकडे सामान्य लोक ही वास्तू ‘राणी दुर्गावतीचा किल्ला’ म्हणून ओळखतात. दुर्गावतीच्या काळी तिचा वापर झाला असणे संभवनीय असले, तरी तो बांधणीचा पुरावा नव्हे.

येथे मराठी संशोधनाची एक परंपरा ध्यानात घ्यावयास हवी. कलचुरींचे लेख एकत्र करून, त्यांचे पाठ निश्चित करून ते १९५५ साली ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’च्या चौथ्या खंडात सिद्ध करणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हे नागपूरचे होते, त्रिपुरीचे उत्खनन करणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित हेही मराठीच. जबलपूर व नागपूर ही दोन्ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात असल्याने हे घडणे स्वाभाविक होते. परंतु त्यातील वृत्तीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या विद्वानांनी त्रिपुरीचा इतिहास वारस म्हणून वाचला नाही. वारशाचा हक्क न सांगता त्यांनी एका दुसऱ्या राजवंशाचे शब्द अचूक वाचले.

लोकपरंपरेनेही मदनमहालाचे एक वाचन केलेले आहे. महालाच्या सावलीत, दोन खडकांच्या मध्ये सोन्याच्या विटा पुरलेल्या आहेत, अशा अर्थाची एक हिंदी उक्ती सर्वतोमुखी आहे. सोने खरे की खोटे, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे नाही. संपन्न राज्य गेले आणि त्याची संपत्ती कोठेतरी अद्याप आहे, ही समजूत त्या उक्तीने टिकवून धरली आहे. राज्य गमावलेल्या लोकांच्या स्मृतीचा तो एक ओळखीचा प्रकार होय.

५. देवीची वाट

महालाकडे जाणाऱ्या टेकडीवरच शारदादेवीचे मंदिर आहे. दुर्गावतीच्या काळाशी त्याचा संबंध जोडला जातो. श्रावणात येथे मोठी गर्दी लोटते आणि भक्त देवीला ध्वज वाहतात. मराठी यात्रिकाला या ठिकाणी अपरिचित असे काही वाटत नाही. शिवाईचे दर्शन घेऊन शिवनेरीचा माथा गाठणारा माणूस येथे शारदेपुढे हात जोडून पुढे निघतो. दरवाजा, माची, तट यांपैकी काहीही जुळत नसताना देवतेचा टप्पा मात्र तंतोतंत जुळतो. बांधणीपेक्षा उपासनेचा क्रम अधिक दूरवर पसरलेला आहे, हे यातून दिसते.

परंतु या टेकडीच्या परिसरातील उपासना एकपदरी नाही. जवळच संग्रामसागर हा तलाव व त्याच्या काठी भैरवाचा बाजनामठ आहे. एका तांत्रिकाने संग्रामशाहाचाच बळी देण्याचा घाट घातला व राजाने सावध होऊन त्यालाच मारले, ही दंतकथा या मठाशी निगडित आहे. गढ्याच्या दरबारात संस्कृत विद्येलाही आश्रय होता. पद्मनाभ मिश्राचा ‘दुर्गावतीप्रकाश’ हा ग्रंथ राणीच्या नावाने रचला गेला. पुष्टिमार्गाची परंपरा सांगते की वल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथ काही काळ गढ्यास राहिले आणि राणीने त्यांचा सन्मान केला. गोंडांचा बडादेव, तांत्रिक भैरव, शारदा आणि कृष्णभक्ती हे सर्व पदर काही कोसांच्या परिघात एकत्र आहेत. यांतील एखादाच पदर खरा मानून उरलेल्यांवर पडदा टाकणे हे टेकडीवर अन्याय करणारे होईल. गोंड समाज आजही २४ जून रोजी, १५६४ साली आसफखानाशी लढताना नर्रईच्या रणभूमीवर देह ठेवणाऱ्या दुर्गावतीचे स्मरण करतो. त्या स्मरणात राणी आणि देवी या दोन प्रतिमा एकमेकींच्या निकट येतात.

देवीच्या स्तवनाला या शहरात एकदा प्राणांचे मोल द्यावे लागले. सत्ता गमावून इंग्रजांच्या निवृत्तिवेतनावर राहणारे राजे शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांच्या घराची १८५७ साली झडती झाली. तीत शत्रूंच्या संहारासाठी देवीला केलेली एक पद्यमय प्रार्थना सापडली. ती पुरावा म्हणून पुढे करण्यात आली, तिचे इंग्रजी भाषांतर झाले आणि १८ सप्टेंबर १८५७ रोजी पितापुत्रांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री छावणीतील ५२ वी पलटण बंड करून निघून गेली. भारतीय भाषांतील स्तोत्रवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याने ही घटना विसरू नये. ‘शत्रू’ हा शब्द स्तोत्रांत शतकानुशतके येत असतो. त्याला नाव-गाव देऊन वाचणारा वाचक भेटला की तेच पद्य राजद्रोह ठरते. सदर आणि टेकडी यांच्यामधील खरे अंतर या घटनेत मोजता येते.

६. मराठ्यांची बाजू

शंकरशाहांच्या घराण्यावर निवृत्तिवेतनाची अवस्था आणण्यास इंग्रजांच्या आधी कोण कारण झाले, हा प्रश्न मराठी यात्रिकाला टाळता येत नाही. १७४२ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांची स्वारी मंडल्यावर आली आणि तीत महाराजशाह हा गोंड राजा मारला गेला. त्यानंतर राज्यावर चौथाईचे ओझे पडले. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला ताब्यात घेतला; शेवटचा राजा नरहरिशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत पडला. १७९८ च्या सुमारास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो त्यांच्याकडून घेतला. दुर्गावतीला आसफखानाने रणात गाठले, पण तिच्यानंतरही दोनशेहून अधिक वर्षे तगून राहिलेले राज्य मराठ्यांच्या हातून संपले.

सह्याद्रीतील दुर्गयात्रेत मराठी माणूस गड गमावलेल्यांच्या बाजूने उभा असतो. मदनमहालावर त्याची जागा गड घेणाऱ्यांच्या बाजूला आहे. तेथील भग्न भिंतीपुढे घरच्या माणसाचे दुःख व्यक्त करण्याचा अधिकार त्याला सहज मिळत नाही. हा अवघडपणा टाळण्याचे दोन मार्ग संभवतात. सर्वच किल्ले एका व्यापक हिंदू स्मृतीचे अंश मानून भेद पुसून टाकणे हा एक मार्ग, आणि आपला संबंध केवळ निसर्गाशी व व्यायामाशी आहे असे म्हणून इतिहासच वगळणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने १७८१ हे साल नाहीसे होते, दुसऱ्याने टेकडी मुकी होते. दोन्ही मार्ग वाङ्मयदृष्ट्या दरिद्री आहेत.

याच शहरात वेगळे उदाहरण घडले, हे येथे नमूद करावयास हवे. सुभद्राकुमारी चौहान (१९०४–१९४८) या जबलपूरला राहणाऱ्या कवयित्रीने झाशीच्या मराठी राणीवर लिहिलेली ‘झाँसी की रानी’ ही हिंदी कविता देशभर पसरली. आपण ही कथा बुंदेल्या हरबोळ्यांच्या तोंडून ऐकली, असे त्या कवितेतच सांगितले आहे. हिंदी कवयित्रीने मराठी राणीची कथा लोकगायकांकडून ऐकून घेतली. वारशाचा दावा न करता श्रोत्याची जागा घेतली. हिंदीत वृंदावनलाल वर्मा यांनी ‘महारानी दुर्गावती’ ही कादंबरी लिहिली. मराठी दुर्गयात्रेला जबलपुरात काही करावयाचे असेल, तर त्याचा आरंभ अशाच ऐकण्यापासून व्हावयास हवा.

७. समारोप

एकंदर विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मराठी दुर्गयात्रेची परिभाषा सह्याद्रीच्या कातळाने घडविली आहे; ती ग्रॅनाइटाच्या टेकडीवर अपुरी पडते, आणि ‘गड’, ‘गढी’, ‘गढा’ या शब्दांतील अंतर लक्षात घेतल्याशिवाय वास्तूचे वर्णनसुद्धा नीट करता येत नाही. दुसरी, या लेखनप्रकारातील देवदर्शनाचा टप्पा प्रांताच्या सीमा ओलांडून टिकतो; मात्र त्या दर्शनात गोंडांच्या उपासनेचे सर्व पदर सामावले पाहिजेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, यात्रिक हा गडाचा वारस असलाच पाहिजे असे नाही. वारसाच्या भूमिकेऐवजी लेखवाचकाची, श्रोत्याची आणि प्रसंगी उत्तरदायी माणसाची भूमिका घेऊनही गड चढता येतो. मिराशींनी त्रिपुरीचे लेख वाचले, ते या वृत्तीनेच.

१९८३ साली जबलपूर विद्यापीठाला राणी दुर्गावतीचे नाव देण्यात आले. ज्या राज्याचा शेवट मराठी सत्तेने केला, त्या राज्याच्या राणीच्या नावाने चालणारे विद्यापीठ आणि मराठी कुटुंबे आज एकाच शहरात नांदत आहेत. सदरेतून टेकडीकडे जाणाऱ्या मराठी यात्रिकाने देवीपुढे हात जोडावेत आणि धोंड्यावरचा महालही जरूर पाहावा. माथ्यावरून दिसणाऱ्या मुलुखाचे वर्णन करताना त्याने १५६४ आणि १८५७ या सालांबरोबर १७८१ हे सालही लिहावे, म्हणजे मराठी दुर्गयात्रेला आपल्या प्रांताबाहेरच्या पहिल्या गडावर प्रामाणिकपणे पाय ठेवता येईल.